सोलापुरातून एजन्सीच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरपदापर्यंत

जाहिरात एजन्सीत क्रिएटिव्ह डायरेक्टर व्हायचे आहे असे सांगणारी मुले-मुली मला आता सोलापुरातही भेटू लागली आहेत, याचा मनापासून आनंद होतो. ज्याला सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगळ्या कल्पना सुचतात तो क्रिएटिव्ह डायरेक्टर, असे त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटते. या व्यवसायात मी १८ वर्षे काढली, त्यांतील ७ याच पदावर. माझा अनुभव असा की कल्पना सुचण्याच्या बळावर नोकरी मिळते आणि टिकते, पण हे पद मिळते ते निवडीच्या बळावर. टेबलावर दहा कागद पडले आहेत. त्यांतील कोणता पुढे न्यायचा, कोणता बाजूला ठेवायचा आणि का, हे लिहिणाऱ्यालाही पटेल आणि पैसे देणाऱ्या क्लायंटलाही पटेल अशा शब्दांत सांगता येणे, हे या पदाचे मुख्य काम आहे. पुढे जे लिहिले आहे ते ही क्षमता सोलापुरात बसून कशी घडवायला लागायचे आणि नंतर एजन्सीत ती कशी वाढवायची, याबद्दल आहे.

काम कसे फिरते आणि पायऱ्या कोणत्या

एजन्सीत क्लायंटशी रोजचा संबंध अकाउंट सर्व्हिसिंगचा असतो. ग्राहकाचा अभ्यास करून नेमके काय सांगायचे हे ठरवण्याची जबाबदारी प्लॅनिंगची असते, आणि या दोघांच्या हातून तयार झालेला ब्रीफ, म्हणजे कोणाला काय सांगायचे याचा लेखी गोषवारा, क्रिएटिव्ह विभागात येतो. तेथे मजकूर लिहिणारा कॉपीरायटर आणि चित्र व मांडणी सांभाळणारा आर्ट डायरेक्टर जोडीने काम करतात. ही जोडीची पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या डॉयल डेन बर्नबाक या एजन्सीत बिल बर्नबाक यांनी रुजवली. त्याआधी बहुतेक ठिकाणी मजकूर एका खोलीत टाइप होऊन चित्रासाठी दुसऱ्या खोलीत जात असे. जोडीने मांडलेले काम आतल्या बैठकीत तपासले जाते, मग क्लायंटसमोर जाते, आणि मंजूर झाल्यावर स्टुडिओ किंवा फिल्म विभागाकडे जाते.

पदांची नावे एजन्सीगणिक बदलतात, परंतु साधारण क्रम असा असतो: ट्रेनी किंवा ज्युनिअर, मग कॉपीरायटर किंवा आर्ट डायरेक्टर, मग सीनिअर, मग क्रिएटिव्ह सुपरवायझर, ग्रुप हेड, असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर आणि त्यानंतर क्रिएटिव्ह डायरेक्टर. लहान डिजिटल एजन्सीत हे अंतर पाच-सहा वर्षांत कापलेले मी पाहिले आहे, तर मोठ्या एजन्सीत दहा-बारा वर्षे सहज लागतात. घाईने मिळालेले पद दुसऱ्या एजन्सीत मान्य होईलच असे नसते, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरील शब्दापेक्षा आपल्या हाताखाली किती माणसे आणि किती कामे खरोखर होती, याचा हिशेब ठेवावा.

शिक्षण: दोन दारे

चित्राच्या बाजूने यायचे असेल तर बारावीनंतर उपयोजित कलेची, म्हणजे अप्लाइड आर्टची पदवी हा सरळ मार्ग आहे. मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्था आणि पुण्यात अभिनव कला महाविद्यालय या संस्थांची नावे यासाठी घेतली जातात. प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात, म्हणून शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या असल्या तर हात तयार झालेला असतो, आणि प्रवेश परीक्षेच्या वेळी त्याचा खरा उपयोग होतो.

लेखनाच्या बाजूने येणाऱ्याला कोणतीही ठरावीक पदवी लागत नाही. भारतीय जाहिरातीतील मोठे नाव असलेल्या पीयूष पांडे यांचेच उदाहरण पाहावे. त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले होते, ते क्रिकेट खेळत, चहाचे चव-परीक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली, आणि १९८२ साली ते ओगिल्व्ही या एजन्सीत आले तेही लेखक म्हणून नव्हे, तर क्लायंट सांभाळणाऱ्या विभागात. पुढे इंग्रजी वळणाच्या भारतीय जाहिरातीला त्यांनी बोलीच्या हिंदीत आणले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा या व्यवसायातील माझ्यासारख्या अनेकांना घरातील वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. मराठीत तर अरुण कोलटकर आहेतच: मोठे कवी, आणि त्याच वेळी मुंबईच्या जाहिरात क्षेत्रातील नामवंत आर्ट डायरेक्टर. र. कृ. जोशी यांनी एजन्सीत काम करता करता देवनागरी अक्षरांच्या रचनेचा असा अभ्यास केला की आज संगणकावरील मंगल हा फॉन्ट त्यांच्या हातचा आहे हे अनेकांना ठाऊकही नसते. चांगला क्रिएटिव्ह डायरेक्टर एका बाजूने आत येतो, परंतु दुसरी बाजू कच्ची राहू देत नाही. लेखकाने अक्षर, रंग आणि मोकळी जागा यांकडे पाहायला शिकावे. चित्रकाराने वाक्य कोठे तुटते ते ऐकायला शिकावे.

सोलापुरात करता येणारा अभ्यास

मुंबईला जाण्यापूर्वी वाया गेली असे ज्या वर्षांबद्दल मुलांना वाटते, ती वर्षे मला फार मोलाची वाटतात. ज्या शहरात एकाच रस्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडते, तेथे माणूस कोणत्या भाषेत भाव विचारतो, कोणत्या भाषेत घासाघीस करतो आणि कोणत्या भाषेत रागावतो, हे फुकट शिकायला मिळते.

नव्या पेठेतील चादरीच्या एका दुकानात मी एका दुपारी दोन तास बसले होते. लग्नाच्या आहेरासाठी खरेदी करायला कर्नाटकातून एक कुटुंब आले होते. त्यांतील वयस्कर बाईंनी आधी रंग पाहिला नाही, नक्षी पाहिली नाही. घडी घातलेल्या चादरीखाली त्यांनी दोन्ही तळवे घातले आणि चादर वितभर उचलून पाहिली. मग दुसरी उचलली. मग पहिली पुन्हा. दुकानदार त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होता, वरच्या फळीवरचा माल काढायला पोऱ्याला तेलुगूत सांगत होता आणि बिलावर नाव मराठीत लिहीत होता. बाईंनी एकच प्रश्न विचारला: धुतल्यावर रंग उतरेल का? दुकानाच्या भिंतीवर मात्र मोठ्या अक्षरांत ‘मुलायम’ असा शब्द रंगवलेला होता. त्या दोन तासांत मुलायमपणाबद्दल एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तिच्या विणीला इतिहास आहे, हे सगळे खरे. पण त्या बाईंच्या तळव्यांना जे हवे होते ते वजन होते, कारण चादर वर्षानुवर्षे टिकेल की नाही याचा त्यांच्यापुरता पुरावा वजनात होता. एजन्सीत ज्याला इनसाइट म्हणतात आणि ज्यावर तासन्‌तास बैठका होतात, ती गोष्ट अशी दिसते. ती पाहण्यासाठी मान खाली घालून बसावे लागते आणि तोंड बंद ठेवावे लागते.

म्हणून पहिला नियमित अभ्यास हा ठेवावा: आठवड्यातून एकदा कोठेतरी दोन तास बसायचे आणि माणसे वस्तू निवडताना हाताने काय करतात, तोंडाने काय विचारतात, हे लिहून काढायचे. शेंगा चटणीचे दुकान चालेल, शाळेच्या गणवेशाचे चालेल, एसटी स्टँडवरील पुस्तकांचा स्टॉलही चालेल. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की होम मैदानावर विक्रेते कर्ण्यावरून काय ओरडतात ते जरूर ऐकावे. चालत्या माणसाला थांबवायला त्यांच्याकडे दोन-तीन सेकंद असतात, आणि कोणत्या आरोळीला पावले थबकतात व कोणत्या आरोळीला नाही, हे समोर दिसते.

दुसरा अभ्यास घरात बसून करायचा आहे, आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा मानते. एक वस्तू घ्यावी, तिच्यासाठी ५० ओळी लिहाव्यात, त्यांतील तीन निवडाव्यात आणि वेगळ्या वहीत प्रत्येक निवडीचे कारण पूर्ण वाक्यात लिहावे. नाकारलेल्या ओळींपैकीही दोन-तीनची कारणे लिहावीत. ‘छान वाटली’ हे कारण धरू नये. ‘ही ओळ आजींच्या शंकेला उत्तर देते’, ‘ही ओळ कोणत्याही चादरीला चालेल, म्हणून आपल्या उपयोगाची नाही’, अशी कारणे असावीत. पहिल्या महिन्यात कारणे सुचत नाहीत; ५० ओळी लिहिण्यापेक्षा तीन कारणे लिहिणे जड जाते. सहा महिन्यांनी स्वतःच्या जुन्या कारणांशी आपलाच वाद सुरू होतो. तेथून पुढे निवड करणारा माणूस घडू लागतो. वर्तमानपत्रात, रस्त्यावर, मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातींनाही हीच पद्धत लावावी: हिचा ब्रीफ एका वाक्यात काय असेल, आणि ती तो पाळते का?

बोलीभाषेबद्दल एक सावधगिरी सांगते. सोलापुरात मित्राला ‘काय बे’ म्हटले तर त्यात जवळीक असते. तोच शब्द पुण्यातील वाचकाला उद्देशून जाहिरातीत गेला तर तो उद्धट वाटू शकतो. आपली बोली हे भांडवल आहे. ते कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे ठाऊक असणे, हे त्याहून मोठे भांडवल आहे.

पोर्टफोलिओ

पोर्टफोलिओत सहा ते आठ कामे पुरेशी होतात. पाहणारा माणूस दिवसभराच्या बैठकांनंतर संध्याकाळी ते उघडतो आणि सर्वांत कमकुवत कामावरून आपली पारख करतो, म्हणून भरीसाठी काहीही घालू नये. काल्पनिक कामे असली तरी चालतात, पण त्यांवर तसे स्पष्ट लिहावे; क्लायंटने कधीच न दिलेले काम खरे म्हणून दाखवणे ही पहिल्याच भेटीत विश्वास गमावण्याची वाट आहे. एखादे तरी काम खरे असावे. गल्लीतील बेकरी, मावशींचा कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय, मित्राच्या वडिलांचे गणवेशाचे दुकान, यांच्यासाठी थोड्या पैशांत केलेल्या कामात खऱ्या माणसाचा होकार आणि नकार दोन्ही अनुभवायला मिळतात. प्रत्येक कामाखाली दोन-तीन वाक्यांत प्रश्न काय होता आणि हेच उत्तर का निवडले ते लिहावे. कारणांची वही येथे उपयोगी पडते.

चित्राच्या बाजूच्या मुलांनी फ्लेक्सच्या दुकानात काही महिने काम केले तर मी त्याला कमी लेखत नाही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर रात्री अकरा वाजता वाढदिवसाचा बॅनर लावताना अक्षरांमधील अंतर, छपाईचे रंग आणि लांबून वाचता येणे या गोष्टी हाताला कळतात. मात्र तेथील गर्दीची मांडणी पोर्टफोलिओत येऊ देऊ नये.

पहिली नोकरी आणि मराठी लेखकाचा सापळा

पुण्याला जायचे की मुंबईला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुणे जवळ आहे, आणि तेथील लहान एजन्सीत पहिल्याच वर्षी सगळ्या प्रकारचे काम हातात पडते. मुंबईत मोठे ब्रँड, मोठ्या फिल्म आणि शिकवणारी जास्त माणसे आहेत, पण खर्चही तसाच आहे. माझ्या मते शहर आणि एजन्सीचे नाव या दोन्हींपेक्षा आपले काम रोज कोण तपासणार, हे आधी पाहावे. मुलाखतीत हा प्रश्न नम्रपणे विचारता येतो: ‘सर, माझे काम कोणाकडे जाईल, आणि आठवड्यातून किती वेळा?’ उत्तर गोलमोल आले तर विचार करावा. बऱ्याच एजन्सी कॉपी टेस्ट, म्हणजे लेखनाची चाचणी, देतात. त्यात प्रत्येक प्रश्नाला पहिले सुचलेले उत्तर बाजूला ठेवून तिसरे किंवा चौथे लिहावे, कारण पहिले उत्तर सर्वांनीच लिहिलेले असते.

आता एका सापळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडची गुणी मुले त्यात वर्षानुवर्षे अडकलेली मी पाहिली आहेत. मराठी उत्तम असलेल्या मुलाला एजन्सीत लगेच काम मिळते, पण ते काम असते हिंदी किंवा इंग्रजी जाहिरातीचे मराठी रूप करण्याचे. संध्याकाळी सहाला फिल्म येते, सकाळी डबिंग असते, ओठांच्या हालचालीला शब्द बसवायचे असतात. काम निगुतीने होते, सगळे खूश असतात, आणि तीन वर्षांनी त्या मुलाची ओळख ‘आपला मराठीवाला’ अशी पक्की होते. मूळ कल्पनेच्या बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही. त्या वाटेने क्रिएटिव्ह डायरेक्टर होता येत नाही.

बाहेर पडण्याचा मार्ग आहे, पण तो भांडून मिळत नाही. मी असे केले: प्रत्येक रूपांतराच्या वेळी मूळ ब्रीफ मागून घ्यायला सुरुवात केली. मागितलेले रूपांतर वेळेत द्यायचे आणि त्यासोबत एका कागदावर त्याच ब्रीफवरून थेट मराठीत सुचलेला दुसरा पर्याय जोडायचा, कारणासह. ‘अपनों के लिए’चे ‘आपल्यांसाठी’ केले तर अर्थ पोचतो, पण घरात असे कोणी बोलत नाही. ‘आपल्या माणसांसाठी’ म्हटले की वाक्य घरचे होते, आणि कधी कधी त्या बदलाने फिल्ममधील प्रसंगच वेगळा लिहावासा वाटतो. पहिले काही महिने माझ्या जोड-कागदांकडे कोणी पाहिले नाही. मग एकदा एका क्लायंटच्या मराठी व्यवस्थापकांनी तो कागद वाचला आणि पुढच्या वेळी हिंदी पटकथा पक्की होण्याआधी मला बसवावे अशी मागणी केली. त्यानंतर मी हळूहळू इतर भाषांच्या ब्रीफवरही काम मागू लागले. इंग्रजीची भीती असेल तर ती बोलून घालवावी, लपवू नये. अडखळत मांडलेली चांगली कल्पना बैठकीत ऐकली जाते.

सुपरवायझर झाल्यावर

या टप्प्यावर काम बदलते आणि बरेच जण येथेच थांबतात. आतापर्यंत स्वतःचे काम चांगले व्हावे अशी धडपड होती, आता दुसऱ्याचे काम चांगले व्हावे अशी हवी. ज्युनिअरचा कागद हातात घेऊन स्वतःची ओळ लिहून देण्याचा मोह फार होतो, विशेषतः रात्री नऊ वाजता. तो टाळावा. ओळ बदलून दिली तर त्या दिवसाचे काम होते, पण तो मुलगा पुढच्या वेळीही कच्चाच कागद आणतो.

तपासणीसाठी मी काही साध्या सवयी लावून घेतल्या. काम मांडणाऱ्याला आधी काहीही स्पष्टीकरण देऊ द्यायचे नाही, कारण होर्डिंगखाली उभे राहून स्पष्टीकरण द्यायला तो जाणार नसतो. दोन मिनिटे शांतपणे पाहायचे. मग जेथे आपण वाचक म्हणून अडखळलो तेथे नेमके बोट ठेवायचे: ‘दुसऱ्या ओळीपर्यंत हे कोणाला सांगतो आहेस ते मला कळले नाही’ किंवा ‘चित्र आणि ओळ एकच गोष्ट सांगत आहेत, त्यांतील एक कमी कर’. ‘मजा येत नाही’ हे वाक्य मी माझ्या टीममध्ये बंद केले होते, कारण ते ऐकून माणूस नाराज होऊन जातो आणि काय करायचे ते त्याला कळलेले नसते. ज्यात काही जीव आहे तो कागद आधी वेगळा काढून दाखवायचा, मग उरलेल्यांबद्दल बोलायचे. ज्याची कल्पना आहे त्याचेच नाव क्लायंटच्या बैठकीत घ्यायचे आणि शक्य असेल तेव्हा त्यालाच मांडू द्यायचे.

जबाबदारी म्हणजे काय, हे मला एका चुकीतून कळले. मी सुपरवायझर असताना एका मोठ्या होर्डिंगचे आर्टवर्क मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये मोबाइलवर पाहून मंजूर केले. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकला होता आणि ‘सर्वांसाठी’ या शब्दाचे ‘सवार्ंसाठी’ झाले होते. लहान पडद्यावर ते माझ्या डोळ्यांतून निसटले. ४० फूट रुंद होर्डिंगवर ते सगळ्या रस्त्याला दिसले. दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर आमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरांनी एवढेच सांगितले की शेवटची जबाबदारी माझी आहे, छपाईचा खर्च आम्ही सोसू आणि आज रात्रीपर्यंत बदल होईल. माझे नाव त्यांनी घेतले नाही. बाहेर आल्यावरही त्या रागावल्या नाहीत; पुढच्या आठवड्यात तपासणीची पद्धत लिहून आण, असे म्हणाल्या.

ती पद्धत मला अण्णांकडून मिळाली. माझे वडील जॅकार्डच्या चादरींसाठी ग्राफ काढत. ग्राफ कागदावरील प्रत्येक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक भेट. एका ओळीवरून एक कार्ड पंच होते आणि कार्डांची माळ मागावर चढते. एक भोक चुकले तर मोराचा डोळा प्रत्येक चादरीत चुकतो. म्हणून अण्णा ग्राफ तपासताना पट्टी लावून खालून वर येत, कारण वरून खाली पाहिले की डोळा नक्षी पाहतो आणि चौकोन पाहायचे राहतात. मी तेच देवनागरी आर्टवर्कला लावले: कागदावर छापून घ्यायचे, शेवटच्या शब्दापासून उलटे वाचायचे, एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहायचे. रफार, जोडाक्षरे, अनुस्वार, फोन नंबर आणि किंमत या गोष्टींवर वेगळी खूण करायची. पुढे मी जेथे जेथे गेले तेथे ही पद्धत सोबत नेली.

क्लायंट, पैसा आणि कायदा

क्लायंटसमोर काम मांडताना आधी त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगावा, मग काम दाखवावे, आणि नंतर थोडा वेळ गप्प बसावे. विरोध आला तर त्यामागची भीती कोणती ते विचारावे. लोगो मोठा करा असे म्हणणाऱ्याला बहुधा आपला खर्च वाया जाईल ही चिंता असते. तिचे उत्तर दुसऱ्या मार्गाने देता आले तर लोगोचा वाद मिटतो. कधी क्लायंटचेच बरोबर असते, तेव्हा तसे मान्य करण्यात कमीपणा नाही.

रिटेनर, म्हणजे क्लायंट एजन्सीला नियमितपणे देतो ती ठरावीक फी, कशी असते, कोणत्या कामावर एजन्सीचे किती तास जातात, फिल्मच्या बजेटमध्ये कशाला किती लागते, हे ग्रुप हेड होईपर्यंत समजून घ्यावे. पैशाचे बोलणे सुरू झाले की उठून जाणाऱ्याला पुढे कोणी बोलावत नाही.

नियमांची माहिती हा या पदाचा भाग आहे. जाहिरातींच्या स्वयंनियमनासाठी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे. तिची संहिता वाचून ठेवावी. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार मधुमेहासारख्या ठरावीक आजारांवर हमखास इलाजाचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, त्यामुळे एखाद्या ओळखीच्या वैद्यांनी आग्रह केला तरी तशी ओळ लिहू नये. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील एक तरतूद आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे: दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासाही असला पाहिजे. मराठीत मोठा दावा आणि तळाशी इंग्रजीत बारीक अटी, हे चालत नाही. फोटो, संगीत, फॉन्ट आणि मॉडेल यांचे हक्क किती काळासाठी व कोणत्या माध्यमासाठी घेतले आहेत, याचा कागद फाइलला लावल्याशिवाय काम बाहेर जाऊ देऊ नये. हीच शिस्त आता एआय साधनांनाही लावावी. क्लायंटचा गोपनीय ब्रीफ सार्वजनिक साधनात टाकू नये, आणि वापर केला असेल तर सांगावे. ही साधने एका तासात शंभर ओळी देतात, म्हणून शंभरातून एक निवडणाऱ्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

पुरस्कारांबद्दल थोडक्यात. १९५४ साली व्हेनिसमध्ये सुरू झालेला आणि आज फ्रान्समधील कान या शहरात भरणारा कान लायन्स हा जाहिरात महोत्सव, आपल्याकडील ॲबी पुरस्कार, यांमुळे नाव होते आणि दारे उघडतात हे खरे आहे. केवळ पुरस्कारासाठी, खऱ्या क्लायंटशिवाय किंवा नावापुरती एकदा छापून केलेली जाहिरात मात्र करू नये. तिला धंद्यात स्कॅम असेच म्हणतात.

पद मागताना

असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर झाल्यावर दीड-दोन वर्षांत आपले स्थान तपासावे. नवे काम मिळवण्यासाठीच्या पिचमध्ये आपण नेतृत्व केले आहे का? क्लायंट अडचणीत थेट आपल्याला फोन करतो का? आपल्या हाताखालच्या कोणाला बढती मिळाली का? या तिन्हींना उत्तर होय असेल तर वरिष्ठांकडे स्पष्टपणे पद मागावे आणि किती काळात ते मिळेल हे विचारावे. उत्तर टळत राहिले तर एजन्सी बदलण्यात गैर नाही. या वेळचा पोर्टफोलिओ वेगळा असतो: त्यात स्वतः लिहिलेल्या ओळींइतकीच टीमकडून करून घेतलेली कामे असावीत, प्रत्येकाची नावे लिहून. मुलाखतीत बहुधा एखाद्या फसलेल्या कामाबद्दल आणि एखाद्या अवघड माणसाबद्दल विचारतात. तेव्हा आधीच्या एजन्सीची उणीदुणी काढू नयेत. आपण काय निर्णय घेतला आणि आता काय वेगळे केले असते, तेवढे सांगावे.

पद मिळाल्यावर पहिल्या महिन्यात मोठे बदल करू नयेत. टीममधील प्रत्येकाशी अर्धा तास एकटे बोलावे, चालू असलेले प्रत्येक काम भिंतीवर लावून पाहावे, आणि तपासणीची वेळ दिवसा, शक्यतो जेवणाच्या आधी ठरवून टाकावी, म्हणजे बदल करायला मुलांना दुपार मिळते आणि रात्री नऊनंतर टीमला थांबावे लागत नाही.